पाच मिनिटं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मे महिन्यात आमच्याकडे काय झालं ते जवळच्यांना फोनवर कळलंच आहे, पण फोनवरून सांगितलेल्या गोष्टीला वाटेत पाय फुटतात. आमच्या नणंदबाईंपर्यंत पोचेस्तोवर मी नातीला "भुलीचं औषध हुंगवून निजवलं" असं झालं होतं. तेव्हा एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हणते. शिवाय त्यात एक जुनी गोष्टही आहे. ती मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. ह्यांनाही अर्धीच ठाऊक आहे.

नातीला इथे चिमी म्हणू. खरं नाव लिहायला तिच्या आईची परवानगी नाही. वय वर्षं नऊ. पुण्याला असते, सुट्टी लागली की साताऱ्याला आमच्याकडे. सहाव्या वर्षी तिला पहिल्यांदा फिट आली. आकडी म्हणा, फेफरं म्हणा, मिरगी म्हणा. डॉक्टर अपस्मार म्हणतात. रोज दोन वेळा औषध चालू आहे, तरी वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी येतेच. एरवी पोरगी चुणचुणीत, पत्त्यांत मला लबाडी करून हरवणारी.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीला सोडायला आली तेव्हा लेकीने तिच्या कपड्यांबरोबर एक छोटीशी बाटली माझ्या हातात ठेवली. सर्दीला नाकात मारतात तसल्या फवाऱ्याची. म्हणाली, "आई, फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर हे नाकात मारायचं." मी ती बाटली इंगळी धरावी तशी दोन बोटांत धरली. सुई नाही, सलाईन नाही, डॉक्टर नाही. म्हणजे मी?

"हो, तूच. बाबांचे हात थरथरतात."

आत होतं मिडॅझोलाम. गुंगीचं औषध. दुर्बिणीची तपासणी करताना माणसाला ज्याने पेंगुळवतात, तेच. आमच्या पिढीने झोपेसाठी ज्या काम्पोजच्या गोळ्या घेतल्या, त्यातल्या डायाझेपामचं हे चुलत भावंड. मेंदूत सगळ्या पेशी एकदम आरडाओरडा करायला लागल्या की फिट येते, आणि ह्या घराण्यातली औषधं तो गोंगाट शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतात. वर्गात मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटावी तसं, असं लेकीने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. तिला कल्पना नव्हती की पट्टीचं नाव काढल्यावर माझ्या पोटात काय झालं.

तिने मला चक्क परीक्षेला बसवलं. मिठाच्या पाण्याची एक तसलीच बाटली आणली होती. आधी उशीवर, मग बाहुलीवर, मग माझ्या स्वतःच्या नाकात. बाटली नवी असली तर पहिले दोन फवारे हवेत सोडायचे, मग मूल कुशीवर, मग एका नाकपुडीत, मग दुसरीत. वजनाप्रमाणे किती फवारे ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं. एक तक्ता स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी चिकटवला: घड्याळ बघा. कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी. गळ्याशी सैल करा. तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटं. फवारा. आणखी पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

"तोंडात काहीही घालू नका" ह्या ओळीखाली तिने लाल पेनने दोन रेघा ओढल्या होत्या. त्या मला नको होत्या. आता ती जुनी गोष्ट.

१९८४ साली मी तालुक्याच्या एका गावी शाळेत मराठी शिकवत होते. सातवीचा वर्ग माझ्याकडे. त्यात एक मुलगा होता, त्याला मधू म्हणू. अक्षर मोत्यासारखं, निबंध अर्ध्या पानाचा पण त्यातलं एकही वाक्य ओढूनताणून नसे. त्याला फिट यायची. बाप सांगायचा, गार्डिनलच्या गोळ्या चालू आहेत म्हणून, पण गोळ्या संपल्या की तालुक्याहून आणायला पैसे आणि एक रोज बुडणार. मग दोन-चार दिवसांची खाडी पडायची, आणि वर्गात मधू बाकावरून खाली.

त्या वेळी जे सगळे करत तेच मी केलं. पोरं धावत जाऊन शिपायाची चप्पल आणत, ती हुंगवायची. शेजारच्या घरातून कांदा यायचा, तो फोडून नाकाशी धरायचा. हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि जीभ चावू नये म्हणून दातांमध्ये काहीतरी. चमचा नव्हता, म्हणून मी टेबलावरची लाकडी फूटपट्टी घातली. जोर लावून घातली. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटला. तोंडातून रक्त आलं ते जिभेचं नव्हतं, माझ्या पट्टीचं होतं. फिट थांबली तेव्हा सगळे म्हणाले, बाईंनी वाचवलं.

महिन्याभराने मुख्याध्यापकांनी बापाला बोलावून घेतलं. इतर मुलं घाबरतात, काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची, वगैरे. बाप मुकाट्याने मान डोलवत होता. शाळा सोडल्याचा दाखला वर्गशिक्षकाने भरायचा असे. म्हणजे मी. कारणाच्या रकान्यात "पालकांची विनंती" असं मी माझ्या हाताने लिहिलं. ह्यांना पट्टीचं सांगितलं होतं. दाखल्याचं नाही.

त्यामुळे लेकीची बाटली हातात आली तेव्हा मला भीती औषधाची कमी आणि माझ्या हाताची जास्त वाटत होती. मी म्हटलं, हे जे तुम्ही सांगता आहात ते तरी खरं कशावरून? कांदासुद्धा आम्हांला असाच ठामपणे सांगितला होता.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला हे ऐकून हसू आलं नाही, ही त्याची कमाई. त्याने पाच-सहा शोधनिबंध छापून पाठवले आणि वर चिठ्ठी, "मावशी, सावकाश वाच, परीक्षा नाही." मी बीए मराठी घेऊन झालेली. वीरकरांची डिक्शनरी मांडीवर घेऊन दुपारी एक-एक परिच्छेद वाचायचा, न कळलेलं वहीत उतरवायचं आणि रविवारी त्याला फोन. दोन महिने हा वर्ग चालला.

पहिलाच निबंध वाचला आणि मी थबकले, कारण तो एका शाळेतला होता. इंग्लंडात सरे परगण्यात लिंगफील्ड नावाचं गाव आहे. तिथे फिट येणाऱ्या मुलांसाठी एक जुनी संस्था आहे. सुरुवातीला ती शेतीची वसाहत होती, पुढे निवासी शाळा झाली. म्हणजे आम्ही ज्या मुलांना दाखला देऊन घालवलं, त्यांच्यासाठीच उभी राहिलेली शाळा. फार लांबलेली फिट घराबाहेर थांबवायची तर तोवर एकच उपाय होता: डायाझेपाम गुदद्वारातून द्यायचं. उपाय गुणाचा, लहान बाळाला ठीकही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची चड्डी चारचौघांत उतरवायची? फिट येते तेव्हा मूल बेशुद्ध असतं. शुद्धीवर आल्यावर नसतं. कोणते शिक्षक हे करायला धजतील, आणि कोणत्या मुलाला पुन्हा त्या वर्गात जावंसं वाटेल?

तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मिडॅझोलाम गालाच्या आत, हिरडी आणि गाल यांच्यामध्ये सोडून पाहिलं. गिळलेलं औषध आधी यकृतात जातं, तिथे त्याचा बराचसा भाग खलास होतो आणि वेळही जातो. गालाच्या किंवा नाकाच्या आतल्या पातळ त्वचेतून गेलेलं थेट रक्तात उतरतं. ह्या औषधाची आणखी एक गंमत भाच्याने सांगितली. बाटलीतल्या आंबट द्रावणात ते पाण्यात विरघळून राहतं, आणि शरीरात शिरलं की रूप बदलून मेदात विरघळणारं होतं. मेंदूच्या दारावर जो पहारा असतो त्याला असलाच पाहुणा चालतो. बाटलीतल्या आंबटपणामुळे नाकात मात्र झोंबतं.

४२ मुलं प्रयोगात घेतली होती. पाच मिनिटांवर गेलेली प्रत्येक फिट चिठ्ठी टाकल्यासारखी ह्या किंवा त्या औषधाच्या वाट्याला जायची. ह्या चिठ्ठी टाकण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याला आपल्याकडे "यादृच्छिक" म्हणतात, तो शब्द मूळ रोगापेक्षा अवघड आहे. १८ मुलांना मिळून अशा ७९ फिट आल्या. गालातल्या औषधाने ४० पैकी ३० थांबल्या, दुसऱ्याने ३९ पैकी २३. एवढ्या फरकावरून पहिलं सरस असं छातीठोक म्हणता येत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. निदान उणं पडत नाही, आणि कपडे काढावे लागत नाहीत, एवढंच. १९९९ साली लॅन्सेट ह्या साप्ताहिकात ते छापून आलं. (त्याच वर्षी आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या अटींमधून फेफऱ्याचा उल्लेख वगळला गेला. तोवर फिट येणाऱ्याचं लग्न कायद्याच्या दारात अडू शकत होतं. हे मला भाच्याने नाही, आमच्या ह्यांनी सांगितलं. ते कोर्टात नोकरीला होते.)

मला आवडलं ते "आम्हांला अजून खात्री नाही" असं म्हणणं. कांद्याबद्दल असं कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पुढची पानं वाचताना परीक्षेचे पेपर तपासल्यासारखं झालं. इंग्लंडातल्याच चार इस्पितळांत २१९ फिट मोजल्या, निकाल २००५ चा. गालातल्या मिडॅझोलामने १०० पैकी ५६ वेळा काम झालं, गुदद्वारातल्या डायाझेपामने २७ वेळा. इथे फरक स्पष्ट. इस्रायलमध्ये तापात फिट आलेल्या मुलांच्या एका गटाला नाकात मिडॅझोलाम दिलं, एका गटाला शिरेतून डायाझेपाम. शिरेतलं २६ पैकी २४ वेळा लागू पडलं, नाकातलं २६ पैकी २३ वेळा. पण झटके देणाऱ्या इवल्या हातात शीर सापडायला वेळ लागतो, त्यामुळे इस्पितळात आल्यापासून मोजलं तर नाकातल्या औषधाने फिट सरासरी ६.१ मिनिटांत आटोक्यात आली आणि शिरेतल्याने ८ मिनिटांत. आपल्या दिल्लीच्या एम्समध्येही २००६ च्या सुमाराला ४६ मुलांच्या १८८ फिट मोजून नाकातलं औषध गुदद्वारातल्यापेक्षा लवकर फिट थांबवतं असं दिसलं. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. आपल्या तुकडीतला मुलगा बोर्डात आल्यासारखं.

युगांडातला निबंध मी दोनदा वाचला. कंपालाच्या मुलागो इस्पितळात ३३० मुलं, त्यांत हिवतापाची पुष्कळ. गुदद्वारातलं औषध १०० पैकी ४३ जणांत अपयशी, गालातलं ३० जणांत. पण हिवताप असलेल्या मुलांमध्ये दोन्ही औषधं सारखीच. मेंदूलाच ताप चढलेला असला तर नुसता गोंगाट शांत करून भागत नाही. तिथल्या आया दारात बसलेल्या असतील, कुणी कागद पुढे केला असेल, कुणी अंगठा उठवला असेल, असं काहीतरी डोळ्यांपुढे येत राहिलं आणि झोप आली नाही.

त्यावरून भाच्याशी माझं भांडण झालं. फिट आलेलं मूल "हो" म्हणू शकत नाही. आई त्या क्षणी कशालाही "हो" म्हणेल. मग हे प्रयोग करायचे कुणाच्या परवानगीने? त्याने अमेरिकेतला एक मोठा प्रयोग सांगितला, २०१२ चा. तो सुई असलेला, मांडीच्या स्नायूत टोचायचा, पण प्रश्न तोच. रस्त्यावर, घरात फिट आलेल्या ८९३ जणांवर रुग्णवाहिकेतल्या लोकांनी तो केला. तिथल्या कायद्याने अशा प्रसंगी आगाऊ संमतीशिवाय प्रयोगाची सवलत मिळते, पण आधी गावातल्या लोकांपुढे जाऊन चर्चा करावी लागते आणि नंतर रोग्याला सांगावं लागतं. त्यात ससा-कासवाचीच गोष्ट निघाली. शिरेतलं औषध एकदा आत गेलं की जास्त लवकर काम करतं, पण आत जायलाच उशीर. स्नायूतल्याने इस्पितळ येईपर्यंत फिट थांबलेले ७३ टक्के, शिरेतल्याने ६३.

मी म्हटलं, सवलत वगैरे ठीक आहे, पण मला नाही पटत. तो म्हणाला, "मावशी, तू चप्पल हुंगवलीस तेव्हा कुणाची परवानगी घेतली होतीस?"

मी फोन ठेवून दिला. त्याला पट्टीचं माहीत नव्हतं, म्हणून तो एवढं सहज बोलला. पण खरंच की. आम्हीही प्रयोगच करत होतो, वर्गातल्या चाळीस पोरांसमोर. फक्त काय घडलं ते कुणी लिहून ठेवत नव्हतं. चर्चा नाही, संमती नाही, आणि नंतर मधूला सांगणंही नाही. दोन दिवसांनी मीच त्याला फोन केला.

तेव्हा त्याने शेवटचा निबंध पाठवला, २०२३ चा. ह्यात औषध होतं अल्प्राझोलाम, तेही त्याच घराण्यातलं. एका हातात मावणाऱ्या यंत्रात औषधाचा पातळ थर क्षणात तापून त्याची वाफ होते आणि ती एका श्वासात ओढायची. फिट सुरू होते आहे असं ज्यांच्या बाबतीत ओळखता येतं अशा लोकांना इस्पितळात ठेवून हे दिलं. दोन मिनिटांत फिट थांबली आणि दोन तासांत परत आली नाही, तर पास. औषधवाल्यांत १०० पैकी ६६ च्या आसपास पास झाले. आणि ज्यांना चिठ्ठीत नुसतं रिकामं, बिनऔषधाचं यंत्र आलं त्यांच्यातले? ४२-४३!

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. औषधच नाही तरी शंभरातल्या बेचाळीस जणांची फिट थांबली? भाचा म्हणाला, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. म्हणून तर रिकाम्या यंत्राशी तुलना करावी लागते, नाहीतर कुठलंही औषध गुणाचंच वाटेल.

डिक्शनरी मिटून मी बराच वेळ बसून राहिले. म्हणजे कांदा आणायला पोरगं धावतं, कांदा फुटतो, नाकाशी येतो, तोवर दोन मिनिटं झालेली असतात. फिट आपली आपण थांबते आणि नाव कांद्याचं होतं. चपलेचं होतं. बाईंचं होतं. माझी पट्टी तिथे नसती तरी मधूची फिट थांबलीच असती, दातासकट.

आणि पाच मिनिटांचा नियम कुठून आला तेही इथेच कळलं. जी फिट पाच मिनिटांतही थांबत नाही, ती आपोआप थांबण्याची आशा कमी होत जाते. २०१५ साली जगभरच्या तज्ज्ञांच्या संघटनेने हीच रेघ आखून दिली: पाचला उपचार सुरू, कारण अर्ध्या तासावर गेली तर मेंदूला कायमची इजा व्हायची भीती. त्याच्या आधी घाई करायची नाही, कारण हे औषधही काही गुळपाणी नाही. जास्त झालं तर श्वास मंदावतो. मला तक्ता पाठ होता. आता तो कळला.

तर मे महिना. दुपारचे तीन वाजत आले होते. हे दळण घेऊन गिरणीत गेले होते. आम्ही आजी-नात चटईवर पत्ते खेळत होतो. चिमीच्या हातातून बदामाची राणी पडली. मला वाटलं मुद्दाम टाकली, लबाडी. मग तिची मान एका बाजूला वळली आणि शरीर आखडलं.

घड्याळात दोन वाजून त्रेपन्न मिनिटं. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझ्या पातळाची घडी. एवढं नीट केलं. मग मी ओरडले असणार, कारण शेजारच्या सुमनताई धावत आल्या. दारातूनच पाहिलं आणि माघारी वळून दोन क्षणांत कांदा घेऊन हजर. मुठीने फोडत होत्या. माणूस मायेचं, माझ्या दोन्ही बाळंतपणांत ह्याच बाईने मला पेज आणून दिली होती. त्यांना नको कसं म्हणायचं? मी म्हटलं, "ताई, कांदा राहू दे. तुम्ही घड्याळ बघा आणि मला मोठ्याने मिनिटं सांगा." त्यांनी कांदा पदरात धरला आणि घड्याळाखाली उभ्या राहिल्या.

"एक झालं."

मंडळी, मिनिट किती मोठं असतं ते तुम्हांला सांगते. मी छत्तीस वर्षं पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास घेतले, पण मिनिट मला त्या दिवशी कळलं. पोरीचे ओठ निळसर दिसायला लागले होते. दात करकर वाजत होते. टेबलावर चमचा होता. तो चमचा माझ्याकडे बघत होता, असंच म्हणेन. मी डोळे तिकडून काढून घेतले.

"तीन."

बाटली माझ्या हातात होती. मारून टाकावं, दोन मिनिटांनी काय होणार आहे, असं आलंच मनात. ह्या वेळीही आपोआप थांबेल, असंही आलं. दोन्ही विचार एकाच वेळी खरे वाटत होते.

"चार. अहो, चार झाली."

"पाच होऊ देत."

"पाच!"

हवेत दोन. मग एका नाकपुडीत, मग दुसरीत, लिहून दिलेले तेवढेच. तिचं डोकं हलत होतं, थोडं औषध गालावर ओघळलं आणि मला वाटलं, झालं, वाया गेलं. हात मात्र थरथरला नाही. का ते मला माहीत नाही. सुमनताई न सांगताच पुढची मिनिटं मोजत होत्या. एक. दोन. तिसरं पुरं व्हायच्या आत झटके विरळ झाले, पंखा बंद केल्यावर पाती मंदावतात तसे, आणि थांबले. तिने एक लांब श्वास घेतला, घुर्र असा. ओठ हळूहळू गुलाबी झाले.

मग ती झोपली. तेव्हाच मला खरी भीती वाटली. मी तिच्या छातीवर नजर ठेवून तासभर श्वास मोजत बसले. हे दळण घेऊन आले तेव्हा दारात पत्ते पसरलेले, सुमनताईंच्या मांडीवर फुटलेला कांदा, आणि मी मोजते आहे. त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला आणि काही न विचारता माझ्याबरोबर मोजायला लागले. लेकीला फोन त्यांनीच केला. संध्याकाळी रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून वेळा लिहून घेतल्या. चिमीची तक्रार एकच, घशात कडू लागतंय आणि माझी राणी कुणी घेतली.

जूनमध्ये, चिमीची शाळा सुरू झाल्यावर, मी एस्टीने त्या जुन्या गावी गेले. का गेले ते ह्यांना सांगता आलं नाही. मधूचं शिवणाचं दुकान स्टँडच्या मागेच आहे, असं कळलं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा, गळ्यात टेप. मला बघून मशिनवरून उठला.

"बाई? बसा की. उन्हाच्या कशाला आला?"

चहा आला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग एकदम म्हटलं, तुझा दात माझ्या पट्टीने तुटला. तो हसला, तर तो अर्धा दात तसाच. म्हणाला, "व्हय, पोरं त्याला बाईंचा दात म्हनायची." मी दाखल्याचं सांगितलं. कारणाच्या रकान्यात मी काय लिहिलं तेही. तो कापडाच्या कडेवर खडूने रेघ ओढत राहिला. म्हणाला, "बापालाच मला शेतावर न्यायचं हुतं, बाई. तुम्ही नसतं लिवलं तर त्यानं सोता लिवून घेतलं असतं." हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते मला ओळखता आलं नाही. निबंध लिहायचा तेव्हा लगेच ओळखता यायचं.

त्याला आता सहा वर्षं फिट नाही. गोळ्या नियमित घेतो. फवाऱ्याची हकिगत मात्र त्याने दोनदा सांगायला लावली. कितीला मिळतो, चिठ्ठीशिवाय देतात का. मी म्हटलं, नाही, डॉक्टरांनीच लिहून द्यावा लागतो, वजनाप्रमाणे किती ते तेच ठरवतात. तुला हवाय का?

"मला न्हाई. पलीकडच्या गिरनीवाल्याचं पोरगं हाय, सा वर्साचं. त्याला अजून कांदाच चाललाय."

त्याने मापांची वही काढली आणि एका पानावर औषधाचं नाव लिहून घेतलं. अक्षर अजून तसंच आहे. मी तक्ता आणून देईन म्हटलं. लेकीने तो मोठ्या अक्षरांत पुन्हा छापून पाठवला आहे, लाल रेघांसकट. येत्या सोमवारी तिथला बाजार असतो, तेव्हा जाणार आहे. सुमनताई बरोबर येते म्हणतात.